सहा सारखी वांगी

मी आज मंगरूळपीरच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवतो आणि रस्त्याने जाताना लोक मला राम राम करतात. ज्यांच्या उपकारावर मी इथवर आलो ती माणसं बरीच आहेत. पण सर्वांत मोठं ऋण आहे ते जानरावकाकांचं. माळीपुऱ्यात 'विलायतवाले जानराव' म्हटलं की कोणीही ओळखेल. त्यांची ओळख करून द्यायची तर सुरुवात त्यांच्या जिभेपासून करावी लागते, कारण जानरावकाका माती चाखत.

गंमत म्हणून नव्हे. विलायतेत नव्या गावी आगगाडीतून उतरलं की काका आधी कोटाच्या खिशातून खुरपं काढत. जमीन दिसेल तिथे उकिडवे बसत, चिमूटभर माती बोटांत चुरडत, तिचा वास घेत आणि जिभेच्या शेंड्याला लावत. मग डोळे मिटून निकाल देत. यॉर्कच्या त्या प्रचंड चर्चसमोर मी मान मोडेपर्यंत वर पाहत उभा होतो, आणि काका माझ्या पायाशी बसून म्हणाले, "वांगं नाई येणार अठी. कोबी येईन. नॉट ब्याड."

'नॉट ब्याड' ही त्यांची सर्वांत मोठी स्तुती होती. ती त्यांनी केंट परगण्यातल्या माळ्यांकडून उचलली होती. "हे लोक कशालेच 'वा वा' म्हनत नाईत," ते मला समजावत. "सरग दाखवला तरी नॉट ब्याडच म्हनतीन. पन म्हटलं का समज, मनातून म्हटलं."

जानरावकाका विलायतेत कसे पोचले ती गोष्ट अशी. तरुणपणी ते अकोल्याला एका साहेबाच्या बंगल्यावर बागकाम करत. साहेब पेन्शनीवर मायदेशी निघाला आणि म्हणाला, येतोस का? काका घरी मंगरूळपीरला आले, आईच्या पाया पडले, थोरल्या भावाला सांगितलं, "चार दिवस अकोल्याले जाऊन येतो," आणि बोटीत जाऊन बसले. त्या चार दिवसांची वीस-बावीस वर्षं झाली. पुढे साहेब वारला. त्याच्या म्हाताऱ्या बहिणीने काकांना ठेवून घेतलं. तिच्या बागेच्या टोकाला दोन खोल्यांचं घर होतं, त्यात ते एकटे राहत.

मी तिथे गेलो तो सरकारी शिष्यवृत्तीवर, दीड वर्षासाठी, मास्तरकीचं शिक्षण घ्यायला. माझे वडील कापसाच्या जिनमध्ये सरकीची पोती उचलत. घराण्यात सही करणारा मी पहिला. आमच्या हेडमास्तरांनी जानरावकाकांचा पत्ता दिला होता, तेव्हा लंडनला पोचताच मी त्यांना पत्र टाकलं. उलट टपाली कार्ड आलं. मजकूर एवढाच: 'रविवारी नऊ-दहाची गाडी. जाड मोजे घालने.'

पहिल्या थंडीत मी हबकलो. निबंध लाल शाईने माखून परत येत, खोलीत दिवसा दिवा लावावा लागे, आणि आठ-आठ दिवस मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नसे. शेवटी मी शिष्यवृत्ती सोडत असल्याचा अर्ज लिहिला, खिशात घातला आणि निरोप घ्यायला काकांकडे गेलो.

काका कांद्याच्या वाफ्यात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाचं तं जा बाप्पा. कोनी बांधून ठेवलं तुले? पन ज्या देशावर रागावून चालला तो देश पाह्यला कुठी तू? एक खोली पाह्यली अन् एक शाळा पाह्यली. आधी पाहून घे, मंग राग धर."

त्या दिवसापासून दर रविवारी काका मला फिरवायला नेऊ लागले. स्वस्त फेरीची तिकिटं कुठे आणि कधी निघतात ते त्यांना तोंडपाठ होतं. डोव्हरचे पांढरे कडे पाहून ते म्हणाले, "चुना हाय सारा. पन पाहाले मस्त." समुद्रकाठी बोचऱ्या वाऱ्यात म्हातारे-म्हाताऱ्या ओव्हरकोट घालून कापडी खुर्च्यांवर बसले होते आणि थरथरत्या हातांनी चहा पीत होते. मला हसू आलं. काका मात्र कौतुकाने पाहत राहिले. "हसू नको बे. मजा कराची म्हनून घरून ठरवून आले न? मंग वारा असो का गारा असो, मजा करूनच जातीन. असं पाह्यजे मानसानं." आणि आम्हीही दोन खुर्च्या घेतल्या आणि कुडकुडत मजा केली.

एकदा एका लॉर्डाची बाग लोकांना पाहण्यासाठी उघडी होती. काका गुलाबाच्या वाफ्यात खुरपं चालवताना सापडले. तिथला मुख्य माळी लालबुंद होऊन धावत आला. मला वाटलं, आता पोलीस. काकांनी शांतपणे टोपी काढली आणि म्हणाले, "साहेब, चुना जास्त पडलाय." तो माळी जागच्या जागी थांबला. म्हणाला, "तीन वर्षं मी मालकांना हेच सांगतोय." मग दोघे घोड्याच्या लिदीवर दोन तास बोलत होते. निघताना त्याने काकांना गुलाबाची एक काडी ओल्या कपड्यात बांधून दिली. गाडीत ती मांडीवर धरून काका म्हणाले, "आपला गाववालाच निघाला तो."

माझा अर्ज खिशातच राहिला. पुढे वेल्समधल्या एका डोंगरावर आम्ही पावसात असे भिजलो की त्याचा लगदा झाला. मी तो फेकून दिला. उन्हाळ्यात मी चांगल्या गुणांनी पास झालो.

पण काकांना विलायतेत सर्वांत प्रिय काय असेल तर खेड्यातलं भाजीचं प्रदर्शन. वर्षातून एकदा गावच्या सभागृहात टेबलांवर पांढरे कागद अंथरतात आणि त्यावर भाज्या मांडतात. कांदे मांडायचे तर सहा, आणि सहाही जुळ्या भावंडांसारखे सारखे. समोर नाव नाही, फक्त आकडा. पंच येतात, नुसत्या डोळ्यांनी पाहतात आणि कार्ड ठेवून जातात. बक्षीस म्हणजे ते कार्डच. मी पाहिलेल्या वर्षी पाद्र्याच्या बायकोची गाजरं मागे पडली, टपालवाल्याची पहिली आली, आणि बाईंनी जाऊन त्याचा हात हातात घेतला. काकांच्या कांद्यांना दुसरं कार्ड मिळालं होतं, पण ते त्या दोघांकडेच पाहत होते. "पाह्यलं? आकडा पाहून निकाल. मानूस पाहून नाई."

इतक्या गप्पांत काका घराविषयी कधी बोलत नसत. फक्त एकदा, मी परत निघालो तेव्हा, स्टेशनवर त्यांनी विचारलं, "आमच्या दादाचं वावर पाह्यलं होतं का तू? मोठ्या विहिरीजवळचं?" मी पाहिलं होतं. "वांगी लावते का आतापन?" लावतात, मी म्हणालो. मग त्यांनी मला जाड मोज्यांचा एक जोड दिला आणि गाडी सुटायच्या आतच निघून गेले.

पुढच्याच थंडीत काका मंगरूळपीरला आले. तिकडे बाग बर्फाखाली झोपते, म्हणून म्हाताऱ्या बाईंनी चार महिन्यांची रजा दिली होती. गावात एकच खळबळ उडाली. डोक्यावर ढग नसताना काका छत्री घेऊन फिरत. सकाळी भेटणाऱ्या प्रत्येकाशी हवेबद्दल बोलत. आमच्याकडे थंडीत रोज ऊनच असतं, त्यामुळे समोरचा गोंधळून म्हणे, "हो न भाऊ, कालच्यासारखंच हाय." बाजाराच्या दिवशी ते किराणा दुकानासमोर एका माणसामागे रांग लावून उभे राहिले. पाऊण तास झाला. शेवटी दुकानदार ओरडला, "अरे जानरावभाई, आगे आव ना! वो सौदा लेने नई आया, वो तो छाँव में खडा है!"

हेडमास्तर खादी घालणारे. त्यांनी एकदा चिडवलं, "जानराव, ज्यांनी आपल्याला गुलाम केलं त्यांची किती तारीफ करता हो?"

"राज्याची नाई करत गुरुजी," काका म्हणाले. "गाजराची करतो."

सगळे हसले, गुरुजीही हसले. पण काकांच्या स्वतःच्या घरी हसण्यासारखं फार नव्हतं.

थोरले भाऊ संपतराव काकांशी बोलत नव्हते. समुद्र ओलांडला, परक्यांच्या हातचं खाल्लं, हे सांगायचं कारण. खरं कारण ते चार दिवस. आई दोन वर्षं वाट पाहून गेली होती. संपतरावांनी भावाला घरात घेतलं, ओसरीवर बाज टाकून दिली, पण जेवताना पंगतीत घेतलं नाही. वहिनी काकांचं ताट ओसरीवर नेऊन ठेवी. काही सांगायचंच झालं तर संपतराव गाईला सांगत. एका सकाळी मी तिथे होतो. काका तीन हातांवर उभे, आणि संपतराव गाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "कपिले, पानी तापलं हाय म्हना. थंडं झाल्यावर आंघोळ केली तं खोकला होईन कोनाले." काकांनी गाईकडे पाहून "थ्यांक्यू" म्हटलं आणि न्हाणीत गेले.

मग एक दिवस काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, भाजीचं प्रदर्शन भरवू. शाळेत. तुमी सेक्रेटरी."

तयारीचा महिना मी जन्मभर विसरणार नाही. काका माळीपुऱ्यात घरोघर हिंडून सहा सारख्या भाज्या म्हणजे काय ते समजावत होते. माळणींना ते पटेना. "बाकीच्याईनं काय पाप केलं?" एकीने विचारलं. "लहान-मोठं असतेच. लेकरं काय सारखी असतात?" दुसरीने विचारलं, "अन् इकाचं नाई? मंग मांडाचं कायले?" मी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात नियम लिहून दारात टांगले. चौथा नियम काकांनी दोनदा वाचून घेतला: 'मांडलेल्या वस्तूस कोणीही हात लावल्यास ती वस्तू बाद.' पंच म्हणून गावचे हकीमसाहेब आणि हेडमास्तर ठरले. वाशीमहून शेतकी खात्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून यायचे होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी काका पुन्हा आले. कार्डं माझ्याकडे लिहायला होती. ती त्यांनी उगाच वरखाली केली आणि हळूच विचारलं, "मास्तर, वांग्यात दादाचा पैला नंबर येईन न?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोबी, मुळे, कोथिंबीर, मिरच्या हा सगळा खटाटोप एका टेबलासाठी होता.

"संपतराव वांगी आणणार आहेत?"

"मी कसं सांगू? माह्याशी बोलते कुठी? वैनी म्हने, आनतीन." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "लबाडी नाई कराची हां. आकडा पाहूनच. पन येईन न?"

रविवारी सकाळी संपतराव आले. टोपलंभर वांगी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सहा काहाडा का साठ काहाडा. मी निवडत नसतो." आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसले. हिरवी, पांढऱ्या रेघांची, देठाला काटे असलेली ती वांगी काकांनी स्वतः निवडली. एकेक हातात तोलत होते. मी आकडा लावला: अकरा.

इथपर्यंत सगळं विलायतेसारखं झालं. मग पाहुण्यांची मोटार वाटेत बिघडल्याचा निरोप आला आणि काका टांगा घेऊन त्यांना आणायला गेले. दोन तास गेले, तीन गेले. सूर्य माथ्यावर आला. पंचांनी मुळे पाहिले, कोबी पाहिला, कार्डं ठरवली. वांग्यांपाशी मात्र दोघे अडले.

"मास्तरजी," हकीमसाहेब म्हणाले, "मुळा देखके समझता है, कोबी देखके समझता है. बैंगन खाए बगैर कैसा बोलेंगे? ये तो नाइन्साफी हो जाएगी."

हेडमास्तर म्हणाले, "हे मात्र खरं आहे."

मंगरूळपीरला वांगं नुसतं पाहून त्यावर मत देणारा माणूस अजून जन्मायचा आहे. जमलेल्या सगळ्यांना ते एकदम पटलं. कोणी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणल्या. आणि भरीत म्हटल्यावर संपतराव निंबाखालून उठले, कारण तुराट्यांच्या जाळावर वांगं भाजावं तर त्यांनीच, हे गावाला माहीत होतं. हकीमसाहेब न्यायाचे पक्के. प्रत्येक आकड्याची वांगी वेगळी भाजायची, वेगळ्या थाळीत कुटायची आणि थाळीखाली चिठ्ठी ठेवायची, असा त्यांनी हुकूम सोडला. माळणींनी घरून भाकरी आणल्या, पळसाच्या पत्रावळी आल्या. सेक्रेटरी त्या वेळी काय करत होता असं कोणी विचारलं तर खरं सांगतो: मी कांद्याची पात चिरत होतो.

काका पाहुण्यांना घेऊन आले तेव्हा वांग्यांच्या टेबलावर पांढरा कागद आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या एवढंच उरलं होतं. बाहेर माणसं पंगतीला बसली होती.

हकीमसाहेब उठले. "जानरावमियाँ, फैसला हो गया. नाव किसीको मालूम नई, सब नंबर पे किया. पहला नंबर, ग्यारह!"

काकांच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मी त्याआधी फक्त उन्हातल्या डोंगरमाथ्यांवर पाहिला होता. पण लगेच त्यांची नजर दारातल्या पुठ्ठ्याकडे गेली. ते थबकले. त्यांच्या हातात मी नुकतंच दिलेलं पहिल्या नंबराचं कार्ड होतं, आदल्या दिवशी लिहिलेलं, नावाची जागा कोरी ठेवलेलं.

संपतराव हातातला जळका वांग्याचा देठ टाकून पुढे आले. भावाकडे न पाहता मला म्हणाले, "मास्तर, त्याले सांगा. नेम तं नेम. म्या हात लावला, मले बाद करा. बाकीच्याईले नोका करू."

मला वाटलं, काका काहीतरी वाट काढतील. सगळ्यांना तसंच वाटत होतं. पाहुणेही म्हणाले, "जाऊ द्या हो, गावची गोष्ट आहे."

काकांनी हॅट काढली. "वांगी बाद," ते म्हणाले. "समदी. वांग्यात पैला नंबर कोनालेच नाई." आणि ते कोरं कार्ड त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग त्या कडक इस्त्रीच्या विलायती सुटात ते पंगतीच्या अगदी टोकाला, सर्वांपासून हातभर अंतर सोडून, मातीत मांडी घालून बसले.

संपतराव भरिताचं पातेलं घेऊन वाढू लागले. हकीमसाहेब, गुरुजी, पाहुणे, मी. शेवटच्या माणसाला वाढून झालं. पुढे ते हातभर अंतर होतं. संपतराव तिथे थांबले. मी घास हातात धरून बसलो होतो. मग ते दोन पावलं पुढे गेले, खाली वाकले आणि भावाच्या पत्रावळीवर पळीभर भरीत वाढलं. मग आणखी एक पळी. काकांनी खाल्लं. 'नॉट ब्याड' म्हणाले नाहीत. नाक मात्र दोनदा पुसलं, आणि शेजाऱ्याला सांगितलं की मिरची तिखट आहे.

त्या दिवसापासून काकांचं ताट आत पंगतीत मांडलं जाऊ लागलं. पण बोलणं सुरू झालं नाही. रजा संपली. निघण्याच्या दिवशी संपतराव पहाटेच वावरात निघून गेले. मोटार मोठ्या विहिरीवरून गेली तेव्हा ते पाठ करून वाफ्याला पाणी देत होते. वाशीमच्या स्टेशनापर्यंत मी सोबत होतो. गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "जेवू घातलं, मास्तर. लय झालं. पन एक बार 'काय बे' म्हटलं असतं तं..." आणि मग डब्यातल्या एका अनोळखी माणसाशी ते हवेबद्दल बोलू लागले.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी त्यांना जे पत्र लिहिलं त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. ती इथे देतो.

*

तीर्थस्वरूप जानरावकाकांस,
साष्टांग नमस्कार.

आपण सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. हे पत्र मी वर्गात बसून लिहितो आहे. मुलं घरी गेली आहेत आणि समोरच्या बाकावर, मुलांच्या जागी, संपतराव बसले आहेत. ते तासाभरापूर्वी आले. आधी म्हणाले, सहज आलो. मग म्हणाले, "तुमी तठी राह्यले न? मंग सांगा, तो राह्यते कसा?"

मी सांगितलं. आपल्या दोन खोल्या, चूल कुठे आहे, खिडकीतून काय दिसतं, म्हाताऱ्या बाई कशा आहेत. त्यांनी विचारलं, पांघरायला काय आहे. ताप आला तर कोण पाहतं. संध्याकाळी जेवताना बोलायला कोणी असतं का. या शेवटच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. नाही, म्हणालो. त्यावर त्यांनी टेबलावरची दौत माझ्याकडे सरकवली.

मग म्हणाले, "लिव्हा." मी विचारलं, मायना काय घालू? ते माझ्यावरच रागावले. "लहान भावाले काय घालतात? चिरंजीव घाला." तेव्हा यापुढचं त्यांचं आहे. मी फक्त लेखणी धरली आहे.

'चिरंजीव जानराव यास संपतचा आशीर्वाद. इकडे समदे खुशाल. वांग्याचा हंगाम सरला. मास्तर सांगते तुले रजा आता पुढच्या थंडीत भेटन. भेटली तं ये. नाई भेटली तं मागून घे. वाशीमच्या टेशनावर उतरलास का मोटारीत बसू नको. मी बैलबंडी घेऊन येतो. बंडीनं दीड दिवस लागते. लागू दे. आपल्याले बोलाले तेवढा लागनच.'